हातांना तेल लावून दवाखान्यात

कासाराचं सगळं पोट दुसऱ्याच्या हातावर. बाई येते, समोर बसते, हात पुढं करते. आपण तो आपल्या हातात घेऊन दाबायचा, मळायचा, अंगठ्याच्या मुळाशी हाड कुठं अडतंय ते चाचपायचं, मग बांगडी चढते. निलंग्याच्या बाजारात माझं दुकान आहे, म्हणजे चार लाकडी खांब आणि वर पत्रा. बायका मला मामा म्हणतात. घरात जे बोलत नाहीत ते इथं बोलतात, कारण बांगड्या भरून होईपर्यंत त्यांना उठता येत नाही आणि मलाही.

अशा माणसाला रोग व्हावा तो नेमका कातडीचा, आणि त्यानं फिरत फिरत मुक्काम करावा तो तळहातावर. यात कुणीतरी माझी गंमत केली असणार असं मला अजून वाटतं.

हे लिहितोय ते ज्यांच्या कोपरावर पांढरे पापुद्रे आलेत आणि जे ते बाहीखाली झाकून वाचतायत त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. माझ्याकडं फक्त चुका आहेत, पण त्या भरपूर आहेत. त्यातली एखादी तरी तुमची टळावी.

पहिला डाग

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाऊस मात्र जिल्हा बघायला आला नाही, तो त्या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. त्या कोरड्या दिवसांत माझ्या डाव्या कोपरावर रुपयाएवढा डाग उमटला. खाली लाल, वर पांढरा. नखानं खरवडलं की मेणबत्तीचं मेण निघावं तसे पापुद्रे निघायचे, आणि दोन दिवसांनी जागा पुन्हा भरलेली. मला मोठी गंमत वाटली. इतकी बरकत दुकानात कधी नव्हती.

गिऱ्हाईक नसलं की मी हात उलटा करून तेच बघत बसायचो. माझी बायको सुमन म्हणायची, "अवो, काय बघलालाव त्यात? सिनेमा हाय का?"

मग इलाज सुरू झाले. मेडिकलमधनं गजकर्णाचं मलम आणलं. कडुनिंबाचा पाला वाटून लावला. एस.टी. स्टँडवर गळ्यात भोंगा अडकवून खरूज-नायटा पळवणारा एक माणूस यायचा. त्याचं पिवळं मलम लावलं तेव्हा डाग तिथंच राहिला आणि भोवतालची चांगली कातडी पळाली. एकानं कपाशीवर फवारायचं औषध सुचवलं. ते तेवढं मी केलं नाही. मी मूर्ख आहे, पण बोंडअळी नाही.

डाग दुसऱ्या कोपरावर गेला, गुडघ्यावर गेला, डोक्यात गेला, आणि एक दिवस तळहाताला बारीक भेगा पडल्या.

आमची एक जुनी गिऱ्हाईक होती. दर सणाला माझ्याकडंच यायची. तिनं हात पुढं केला, मी धरला, तिची नजर खाली गेली आणि हात हळूच मागं सरकला. "मामा, आज राहू द्या. मामीच भरतील."

बाई भली होती. ओरडली नाही, उठून गेली नाही, बांगड्याही घेतल्या. पण त्या दिवसापासून 'मामीच भरतील' हे वाक्य बाजारभर झालं. सुमन माझ्या जागेवर बसली आणि मी मागं बसून रंगाप्रमाणं बांगड्या लावायला लागलो. ती माझ्यापेक्षा सफाईनं भरते हे मला तेव्हा कळलं. मी ते तिला बोलून दाखवलं नाही.

रोगाचा उपयोग

टँकर आला की सगळी गल्ली पाइपाला लोंबकळायची. मी दिसलो की लोक बाजूला व्हायचे. "तुमी हात लावू नका, आमीच भरून देताव." सगळ्यात आधी माझी घागर भरायची, का तर मी लवकर जावं. हे लक्षात आल्यावर सुमननं माझ्या दुसऱ्या हातात हंडा दिला. "हेबी न्या. कामाला तरी यू द्या तुमचा रोग."

आम्ही हसलो खरं. पण जो शब्द कुणी तोंडावर बोलत नव्हतं तो दोघांच्याही मनात होता. महारोग. सुमननं माझं ताट वेगळं केलं नव्हतं, पण मी स्वतःच वेगळं घ्यायला लागलो होतो, आणि तिनं 'असं का' म्हणून विचारलं नाही. ते न विचारणं मला घागरीपेक्षा जड गेलं.

शेवटी महारोगाचं काम बघणारा सरकारी माणूस सायकलवरून आमच्या गल्लीत आला. कुणी बोलावला ते मी विचारलं नाही. महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही म्हणे, म्हणून त्यानं मला डोळे मिटायला लावले आणि पेनाच्या टोकानं डागांवर टोचत राहिला. "कुठं लागलं, बोट ठेवा." मी दर वेळेस बरोब्बर बोट ठेवलं. शाळेत कधी इतकी उत्तरं बरोबर आली नव्हती.

"तुमचं आमच्याकडं न्हाई," तो खुशीत म्हणाला.

"मंग कुणाकडं हाय?"

"ते मला कसं म्हाईत? आमचं खातं एवढंच."

"तुमच्याकडं असतं तर काय केलं असतं?"

"गोळ्या आणून दिल्या असत्या की. घरपोच. दर महिन्याला."

महारोग नाही म्हणून सुमननं देवाला हात जोडले आणि माझं ताट ओढून आपल्या ताटाशेजारी ठेवलं. मी मात्र विचारात पडलो. ज्या रोगाला खातं आहे त्याची गोळी सायकलवरून घरी येते. माझ्या रोगाला खातं सोडा, नावसुद्धा नव्हतं. महारोग नाही हे ऐकून तोंड पाडून बसलेला निलंग्यातला मी पहिलाच असेन.

जाताना तो म्हणाला, "लातूरला जावा. आता जिल्हा हाय आपला."

जिल्ह्याच्या गावी

लातुरात जिकडं तिकडं ओल्या रंगाच्या पाट्या. एका सरकारी दवाखान्यात 'त्वचारोग' लिहिलेली खोली सापडली. दाराला कुलूप. बाहेर स्टुलावर शिपाई.

"डॉक्टर?"

"मंजूर हाय."

"म्हंजे आत हाय का?"

"मंजूर हाय म्हंजे न्हाई."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानंच सांगितलं की एक मोठे डॉक्टर सोलापूरहून महिन्यातल्या एका रविवारी येतात, मेडिकलच्या मागच्या खोलीत बसतात, सकाळीच नंबर लावा. तो रविवार नुकताच होऊन गेला होता. म्हणजे आणखी महिना.

आता माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. ही चूक कासारच करू शकतो.

आमच्या धंद्यात खडबडीत हात तसाच हाताळत नाहीत. शेतात खुरपून आलेली बाई असली की आधी तिचा हात धुवायचा, साबण लावायचा, तेलानं मऊ करायचा, मग पुढचं काम. हात दाखवायचा तर चांगला करून दाखवायचा, हे माझ्या बोटांतच बसलंय. मोठ्या डॉक्टरपुढं जायचं म्हणून मीही तेच केलं. सुमननं साठवून ठेवलेलं पाणी तापवलं. टाचा घासायची वज्री घेऊन सगळे डाग घासले, पार एकही पापुद्रा राहिला नाही असे. मग कोपर, गुडघे, तळवे सगळ्याला खोबरेल चोपडलं. वरून इस्त्रीचा सदरा.

सुमन म्हणाली, "लग्नाला चाललाव का दवाखान्याला?"

मेडिकलच्या मागं ही गर्दी. औशाचे, उदगीरचे, पार लोह्याहून आलेले लोक. रेशनच्या दुकानासारखी रांग. सगळे आपापले पापुद्रे घेऊन आलेले, त्यांच्यात मी एकटा तुकतुकीत. मला अभिमान वाटला, आणि त्यांची कीवही आली. डॉक्टरांसमोर असं यायचं असतं का?

माझा नंबर लागला. डॉक्टर टेबलापलीकडं होते, त्यांनी तिथूनच बघितलं. तेलात चमकणारी थोडी लाल कातडी. "इसब आहे. गोळ्या देतो. पुढचा."

माझ्या हाताला त्यांनी हात लावला नाही. रोज शंभर जणींचे हात धरणाऱ्याला ते लगेच कळतं. पण मी त्यांना दोष देत नाही. चार तालुक्यांची कातडी एका दुपारी बघायची, त्यात माझ्यासारखा पुरावा पुसून आलेला. त्यांनी तरी काय करावं?

चमत्कार, आणि नंतर

गोळ्या नामी होत्या. आठवडाभरात कातडी अशी मऊ झाली की मी पुन्हा दुकानात पुढं बसलो. बायका हात द्यायला लागल्या. सुमन मागं सरकली, तिचं तोंड थोडं पडलं, तेही मी बघितलं नाही. गोळ्या संपल्या की मेडिकलवाला त्याच चिठ्ठीवर आणखी द्यायचा. पुढं डॉक्टरांचं लातूरला येणं बंद झालं. विचारायला कुणी उरलं नाही, तेव्हा मी स्वतःच डॉक्टर झालो. बरा झालो की, आता गोळ्या कशाला? एका दिवशी सगळ्या बंद.

वैशाख होता. पत्रा तापलेला, रस्त्यावर पाय ठेववत नव्हता, आणि मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होतो. डोक्यापासून पायापर्यंत लाल. कातडी अंथरुणात ओंजळीनं सांडत होती. पायांवर सूज. सुमन सकाळी खाट झाडायची आणि दुपारी पुन्हा तेच. तळहातांची कातडी मोज्यासारखी सुटली. मला मरणापेक्षा त्याचीच भीती वाटली. या हातांना आता कोण हात देणार?

सुमनचा भाऊ बालाजी नांदेडजवळच्या अर्धापूरचा. निरोप मिळाला तसा आला. मला बघून दारातच थांबला. मग म्हणाला, "दाजी, नांदेडला चला. तिथं सरकारी दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरीणबाई आल्यात."

एस.टी.त कंडक्टरनं मला बघून हात आडवा केला. बालाजी पटकन बोलला, "स्टोव्हचा भडका झालाय, साहेब. भाजलेत." झालं. मला बसायला बाकडं मिळालं, कुणीतरी रुमालानं वारा घातला. नांदेडपर्यंत लोक मला स्टोव्ह कसा पेटवावा ते सांगत होते. मी कण्हत कण्हत माना डोलावल्या. भाजलेल्या माणसाची लोकांना दया येते. कातडीच्या रोग्यापासून ते लांब बसतात. दोघांची कातडी तीच, हे मला त्या बाकड्यावर कळलं.

नाव कळलं तो दिवस

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अंगानं बारीक. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी माझा तळहात दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. मी ओळखलं, ही आपल्यातली आहे. हात वाचता येतोय हिला.

"काय काम करता?"

"बांगड्या भरतो."

त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं. लातूरच्या रविवारचं आलं. वज्री, खोबरेल, इस्त्रीचा सदरा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे रोग घरी ठेवून तुम्ही एकटेच दवाखान्यात गेलात."

सुमन माझ्या मागं उभी होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मग मलाही हसू आलं, आणि ओठ फाटून रक्त आलं.

त्यांनी नाव सांगितलं. सोरायसिस. मी ते चार वेळा म्हणवून घेतलं. आपल्या घरात इतके दिवस राहणाऱ्याचं नाव कळलं की भीती जात नाही, पण त्याच्याशी बोलता येतं.

"हे आलं कुठनं?"

"तुमच्याच अंगातून."

"दुसऱ्याला लागतं का?"

"नाही."

"बांगडी भरताना?"

"नाही."

"हाताला हात लागून?"

"मी काय करतेय मग आत्ता?" माझा हात अजून त्यांच्याच हातात होता.

जाईल का, ते विचारायला माझी जीभ रेटेना. त्यांनीच सांगितलं. "पुरतं जाणार नाही. आटोक्यात राहील. त्या गोळ्या मनानं घ्यायच्या नव्हत्या, आणि मनानं एकदम बंद तर मुळीच करायच्या नव्हत्या. त्यानंच हे उलटलं."

सुमननं एकच विचारलं. "यानं मरतेत का, बाई?"

"आणखी उशीर केला असता तर धोका होता. अजूनही थोडे दिवस धोका आहेच."

सुमन पाण्याला जाते म्हणून बाहेर गेली ती बऱ्याच वेळानं आली. तांब्या रिकामाच होता.

पानावर

चादर अंगाला चिकटायची आणि निघताना कातडी घेऊन निघायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केळीची पानं मिळाली तर बघा. अर्धापूरच्या माणसाला केळीचं पान मागणं म्हणजे काहीच नाही, पण ते इतर वर्षी. त्या वर्षी बालाजीच्या विहिरीत तळ दिसत होता आणि बागेचा एक कोपरा तेवढा त्यानं जगवला होता. तो रोज सकाळी पानांची गुंडाळी घेऊन यायचा. मला सगळ्या अंगाला व्हॅसलीन लावून पानावर निजवायचे. गार, गुळगुळीत. मला त्या पानाइतकं सुख कुठल्याच अंथरुणानं दिलं नाही.

सुमन बघून म्हणायची, "आता वरण-भात वाढायचा तेवढा राहिलाय."

मी बालाजीला म्हटलं, पानं काढली तर घड कसा भरंल? तो म्हणाला, "बाग तशीबी जाणारच हाय, दाजी. पानं तरी कामाला यू द्या." ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, ते त्यानं आजवर सांगितलं नाही.

वॉर्डातला दिवस एकसारखा. सकाळी तपासणी, मग व्हॅसलीन, मग पान, मग टँकर आला का याची चौकशी. मी पडल्या पडल्या सगळ्यांच्या हाताचं माप काढायचो. नर्सबाईंना सव्वादोन चालेल, झाडूवालीला अडीच.

एके दिवशी मी सुमनवर चिडलो. व्हॅसलीन नीट लावत नाही, दुकान बंद पाडलं, असलं काहीतरी. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या हाताला लोक भेले म्हणून तुमी रडलाव. माझ्या हाताला काय झालंय ते बघितलंव का एकदा तरी?"

तेलकट फडकी सोड्यात धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली होती. मनगटं मोकळी, धुताना एकेक करत सगळ्या बांगड्या वाढलेल्या. फुटल्या असं कासार म्हणत नाही. कासाराच्या बायकोची मनगटं मोकळी, आणि कासाराला पत्ता नाही. मी माझ्या वाट्याचं व्हॅसलीन तिच्या बोटांना लावलं. ती म्हणाली, "हळू. कासार हाव का खाटीक?"

मी वाचलो. कसा, ते नीट ध्यानात घ्या. त्या एका खोलीसाठी देगलूरचे, लोह्याचे, पार तेलंगणाच्या शिवेवरचे लोक येत, आणि त्यातले पुष्कळ उशिरा येत. मी वेळेत आलो यात माझी हुशारी काहीच नाही. मेहुणा अर्धापूरचा होता, एवढंच. माझा जीव वाचला तो सासुरवाडीच्या पत्त्यामुळं. ज्यांची सासुरवाडी दुसऱ्या दिशेला आहे त्यांनी काय करायचं, याचं उत्तर मला त्या वॉर्डात मिळालं नाही.

पुन्हा दुकान

परत आलो तेव्हा तळवे पातळ, गुलाबी, थोड्या भेगा, कोपरांवर डाग. मी दुकानात बसलो आणि नवी चूक सुरू केली. येईल त्या बाईला सांगायचं, "हे लागट न्हाई बरं का." दारात येऊन 'मी चोर नाही' म्हणणाऱ्याकडं लोक जसं बघतात, तसं त्या बघायच्या. सुमन म्हणाली, "गप बसा. तुमी बोललाव की गिऱ्हाईक उठतंय."

गप बसलो. बांगड्या रंगाप्रमाणं लावल्या.

लग्नसराईत शिवेपलीकडच्या गावातली एक बाई लेकीला हिरवा चुडा भरायला घेऊन आली. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी. सुमननं पोरीचा उजवा हात धरला. घाई होती म्हणून मी डाव्याकडं हात केला.

"बेडा, बेडा," आई म्हणाली. "मामीच भरू द्या."

नको म्हणायला भाषा कळावी लागत नाही. मी हात मांडीखाली घेतला. पोरगी लाजून खाली बघत राहिली.

सुमन चुडा भरत होती. आई थोड्या वेळानं सरकत सरकत माझ्या बाजूला आली. इकडं तिकडं बघून तिनं पोलक्याची बाही वर केली. "हे बघा ओ."

मी विचार न करता तिचा कोपर हातात घेतला. लाल, वर चंदेरी पापुद्रे. माझ्याच घरचा पाहुणा.

"तेल लावलाव का ह्याला?"

"न्हाई. आज लावावं म्हणलं, पाहुण्यात जायचं हाय."

"लावू नका. धुऊ-घासू बी नका. हाय तसं दाखवा."

"कुणाला दाखवू?"

मी नांदेडचं सांगितलं. "नांदेड? लई लांब झालं. तिकडं माझं कोण हाय?"

मी सुमनकडं बघितलं. ती पोरीच्या हातावरची नजर न काढता म्हणाली, "आमचा भाऊ हाय. गुरुवारी हेंला दाखवायला जायचंच हाय. सकाळच्या गाडीला या."

"मालकाला काय सांगू?"

"सांगा, नांदेडला बांगड्या चांगल्या मिळतेत," मी म्हणालो.

"आन् तुमचं दुकान?"

"आमच्याकडं भंगार हाय म्हणा."

ती हसली. तिचा कोपर अजून माझ्या हातात होता. तो तिनं बघितला, माझा तळवाही बघितला, भेगांसकट. मग बाही खाली ओढली, नीट मांडी घालून बसली आणि हात पुढं केला. "मला बी भरा. हिरव्याच. तुमीच भरा."

किती महिन्यांनी परका हात हातात आला होता. दाबला, मळला, अंगठ्याखाली हाड चाचपलं. माझीच बोटं आखडलेली, जोर कुठं द्यायचा ते विसरलेली. पहिलीच बांगडी कडकन वाढली. भरताना वाढलेली बांगडी कासाराच्या गळ्यात पडते, हा बाजाराचा कायदा आहे.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती तुकड्यांकडं बघत होती.

"ही तुमची गेली," ती म्हणाली. "मी हिचं काय देणार न्हाई. घ्या दुसरी, आन् जरा हळू."

मी दुसरी घेतली.